जाळीपलीकडचा कारभारी

मंडळी, आज सकाळी सुमनवहिनींबरोबर तुरुंगात मुलाखतीला गेलो होतो. त्यांचा नवरा बाळू हा माझा बालमित्र. बांधावरच्या मारामारीत अडकून आत आहे, आणि त्यानं जेवण सोडलंय असा निरोप आला होता.

राहात्यापासून एसटीत मी धीर देणारे श्लोक घोकत होतो. पण जाळीपलीकडचा बाळू मान वर करीना, तेव्हा पहिला चरणही आठवेना. माझं संस्कृत ऐनवेळी असंच रजेवर जातं.

वहिनींनी मात्र थेट विचारलं, "अवो, कांदा काढू का थांबू?"

बाळूची मान वर आली. "पात आडवी पडली का?"

"निम्मी पडलीय."

"मग थांब की! तुला लई घाई."

मग पाणी, मजूर, कांदा साठवायची चाळ, सगळं त्यानं बजावून सांगितलं. निघताना म्हणाला, "जा आता. जेवतो मी."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "थांबा मग थोडे दिवस."

वहिनी हसल्या. "भावजी, कांदा कवाच चाळीत पडलाय. पर घर त्यांचंच हाय न्हवं? इचारायला नको?"

मंडळी, उत्तर ठाऊक असूनही केवळ माणूस उभा राहावा म्हणून तुम्ही कधी कुणाला काही विचारलंय?