दचकबाई

काडी ओढायची असली की आमच्या विज्ञानाच्या बाई आधी तोंड फिरवायच्या. काडेपेटी अंगापासून जितकी लांब धरता येईल तितकी लांब धरायची, डोळे गच्च मिटायचे आणि मग काडी ओढायची. ती बहुतेक वेळा पेटीला लागायचीच नाही. चुकून लागली आणि पेटली, तर बाई दचकून ती टाकून द्यायच्या. शेवटी पुढच्या बाकावरचं कुणीतरी उठून स्पिरिटचा दिवा लावायचं. अशा बाईंनी विज्ञान कशासाठी घेतलं, हे कोडं आमच्या गावाला कधी सुटलं नाही. पोरांनी त्यांचं नाव दचकबाई ठेवलं होतं, आणि ते इतकं चालायचं की खरं नाव मुख्याध्यापकांनाही आठवावं लागायचं.

आमचं गाव दिंद्रुडपासून आत. बाई अंबाजोगाईला बीएस्सी, बीएड करून आमच्याकडे आलेल्या. त्यांच्या घरात कॉलेजात गेलेल्या त्या पहिल्याच. भाड्याच्या एका खोलीत एकट्या राहायच्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांची चळत, कोपऱ्यात विजेची शेगडी. गॅस नाही, स्टोव्ह नाही. त्या शेगडीचं बटणसुद्धा बाई हाताने दाबायच्या नाहीत. त्यासाठी एक लाकडी लाटणं वेगळं ठेवलेलं होतं, आणि त्या लाटण्याने पोळी कधी लाटली नाही.

वर्गात बाई छापील मराठी बोलायच्या. पण भ्याल्या की ती मराठी कुठल्या कुठे जायची आणि खाली दडलेली त्यांच्या गावची बोली वर यायची. "विद्यार्थ्यांनो, आता आपण पाणी तापवणार आहोत," असं सुरू झालेलं वाक्य पाण्याला उकळी फुटली की "आगं आई गं, सरका की रं मागं, तोंडावर यील!" असं संपायचं. आम्हाला धड्यापेक्षा त्या बदलाचीच वाट असायची. पोरं मुद्दाम बाकाखाली डबा पाडायची.

स्थायू, द्रव आणि वायू त्यांनी आम्हाला मैदानात शिकवलं. चुन्याच्या फक्कीने एक चौकोन आखला आणि सगळा वर्ग आत उभा केला. "स्थायू" म्हटलं की एकमेकांचे हात घट्ट धरून जागच्या जागी थरथरायचं. "द्रव" म्हटलं की हात सोडून चौकोनातच एकमेकांच्या अंगाला घासत फिरायचं. "वायू" म्हटलं की चौकोन सोडून वाट फुटेल तिकडे पळायचं. पहिल्यांदा वायू झालो तेव्हा आम्ही जे पळालो ते थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. काहीजण घरीच गेले. बाई मधे एकट्या उभ्या राहून ओरडत होत्या, "थंड व्हा! माघारी या रं, थंड व्हा!" नंतर वर्गात त्यांनी एकच सांगितलं. "पोरं तीच होती. फक्त वागणं बदललं. पदार्थाचं असंच असतं. तो तोच असतो, पण वागणं बदललं की त्याला भ्यायला शिकायचं."

त्यांच्या भिण्याला कारण होतं, ते एकदा किटली दाखवताना कळलं. किटलीच्या तोटीतून पांढरा ढग निघत होता. बाईंनी पट्टीने दाखवलं, की तोटीच्या तोंडाशी बोटभर जागा मोकळी दिसते आणि ढग त्याच्या पुढे सुरू होतो. "हा ढग म्हणजे पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. खरी वाफ ह्या मोकळ्या जागेत आहे. ती दिसत नाही. दिसतं त्यापेक्षा जास्त भाजणारं तिथंच असतं." मग पट्टी खाली ठेवून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "माज्या थोरल्या बहिणीनं कुकर घाईनं उघडला व्हता. ढग दिसायच्या आधीच तिचा डोळा गेला." वर्गात कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून मोकळ्या जागेकडे बघायची मला धास्ती बसली.

आणि मग एके दिवशी त्यांनी सांगितलं, की गॅसच्या टाकीत गॅस नसतो. म्हणजे असतो, पण दाबून दाबून त्याचं पाणी केलेलं असतं. त्यातलं थोडं थोडं वाफ होऊन वर येतं आणि तेवढंच शेगडीवर जळतं. "ते पाणीच बाहेर आलं, तर तांब्याभराचं पिंपभर होतं. आणि ते वर उडून जात नाही. जमीन धरून चालतं, मांजरासारखं. विस्तव शोधत." पुढचं मला ऐकूच आलं नाही. कारण शाळेच्या खिचडीच्या खोलीत, त्या टाकीला गुडघा लावून, माझी आई बसलेली होती.

आई पोषण आहाराची खिचडी करायची. थंडीत सकाळी शेगडीचा जाळ मंदावला की तिची एक ठरलेली पद्धत होती. टाकी हलवून बघायची, आत डुचमळलं की म्हणायचं, "हाय की अजून." मग बाहेर चुलीवर पाणी तापवायचं, घमेल्यात ओतायचं आणि टाकी त्यात उभी करायची. एवढ्यानेही भागलं नाही तर टाकी पोत्यावर आडवी करून लोळवायची. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका हेच करत. टाकी संपली असं म्हणणं म्हणजे हार मानणं, असा सगळ्यांचा समज. नवीन टाकी मागायची तर मुख्याध्यापकांचं तोंड बघावं लागायचं, ते वेगळंच.

आता मला वर्गात बसवेना. पाणी प्यायला म्हणून उठायचं आणि खिचडीच्या खोलीत डोकावून आई आहे ना ते बघायचं. बाईंच्या ते लक्षात आलं. त्या मधल्या सुट्टीआधी "मीठ बघून येते" म्हणत माझ्याबरोबर यायला लागल्या. आई आम्हाला बघून म्हणायची, "जयभीम बाई! आल्या का दोगी फौजदारणी?"

"सुमन, गरम पाणी नको अन् टाकी आडवी तर मुळीच नको," बाई दारातूनच सांगायच्या. आत पाऊल टाकायच्या नाहीत. "आत डुचमळतं ते खरंय. पण ते पाणी आहे. उभ्या टाकीत त्याची वाफ वर येते. आडवी केलीस की पाणीच नळीत येतं."

"बाई, तुमी लई भिता. माज्या हाताखालनं किती टाक्या गेल्या. तिला माजी सवय झालीया."

बाई घाम पुसत परत फिरायच्या. मी त्यांच्या मागून चालायची, आणि पाठीवर सारखं काहीतरी फुटणार असं वाटत राहायचं. रात्री आईच्या कुशीत झोपले तरी तिच्या पदराला गॅसचा वास येतोय का, ते हुंगत राहायची. आपल्याला एवढं भ्या वाटतंय आणि जिला वाटायला पाहिजे ती घोरतेय, ह्याचा मला राग यायचा.

ती सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. तालुक्याहून साहेब येणार म्हणून खिचडी लवकर हवी होती. आमच्या वर्गात बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या. तेवढ्यात पलीकडून आवाज आला. मोठा नव्हता. सायकलच्या चाकातली हवा सुटावी तसा, पण थांबत नव्हता. पोरांनी लगेच बाईंकडे पाहिलं, आता ह्या उडणार म्हणून. बाई दचकल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला.

त्या पळाल्या. मी मागून. खिचडीच्या खोलीच्या उंबऱ्यावरून पांढरं धुकं खाली उतरत होतं, अगदी सावकाश, जमिनीला धरून. आई ओशाळल्यासारखी हसत बाहेर येऊन उभी होती. "नळी निसटली, बाई. शेगडी इजली म्हणून टाकी जराशी आडवी केलती. काय न्हाई, संपंल आत्ता."

पडवीच्या टोकाला चूल होती. पाणी तापवून झालं होतं, पण निखारे लालबुंद होते. धुकं चुलीपासून चांगलं लांब होतं. धुकं आणि चूल ह्यांच्या मधली फरशी मोकळी होती, स्वच्छ, काहीही नसलेली. त्या मोकळ्या जागेत, किटलीच्या तोटीशी असतं तसं, न दिसणारं काय असतं, हे तिथे फक्त बाईंना आणि मला माहीत होतं.

बाईंनी तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. नुसता हात चुलीकडे. आईला कळेना. मी किंचाळले, "आये, चूल! चूल इजीव!" दाराशी तांदूळ-डाळीचं भिजवलेलं पातेलं होतं. आईने ते उचललं आणि साहेबांसकट सगळ्या शाळेचं जेवण चुलीवर पालथं केलं. राख, वाफ, चर्र आवाज, आणि निखारे काळे पडले. मी वळून बघते तर बाई शेजारी नव्हत्या.

त्या आत होत्या. एरवी ज्या खोलीच्या दारात थांबायच्या तिथे, पांढऱ्या धुक्यात, गुडघ्यावर बसलेल्या. आडव्या टाकीच्या तोंडातून फवारा उडत होता आणि तो त्यांच्या हातांवर येत होता. रेग्युलेटरचा खटका फिरत नव्हता, गोठून बसला होता. बाई दोन्ही हातांनी तो धरून बसल्या होत्या आणि लहान मूल रडतं तशा मोठ्याने रडत होत्या. पण हात काढत नव्हत्या. आईने आत उडी घेतली असती, मी तिच्या कमरेला मिठी मारून लोंबकळले. आयुष्यात इतकी भ्याले नाही. आई माझ्या मिठीत होती, सुखरूप होती, तरी भीती कमी होईना.

शेवटी खटका फिरला आणि आवाज थांबला. टाकी उभी करून बाई बाहेर आल्या. बोटांवर पांढरी साय धरल्यासारखं दिसत होतं. आता मात्र त्यांचा आवाज फुटला, "पळा रं! काडी, चूल, काय बी पेटवू नका! मैदानात पळा!" आणि सगळी शाळा वायू झाली.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशाने भाजलं? बाई म्हणाल्या, थंडीनं. डॉक्टर हसले नाहीत, त्यांना माहीत होतं. द्रवाचा वायू व्हायला ऊब लागते, आणि ती त्याने बाईंच्या बोटांतून ओढून घेतली होती. आई त्यांच्याबरोबर जीपने गेली होती. वाटेत तिने विचारलं म्हणे, "बाई, तुमी कावून आत गेल्या? तुमाला तर काडीचं भ्या वाटतंय."

"मला भ्या वाटत व्हतं म्हणून मी गेले," बाई म्हणाल्या. "तुला वाटतच न्हवतं, मग तुला कसं पाठवावं?"



हात बरे झाल्यावर शाळेने बाईंचा सत्कार केला. मुख्याध्यापक त्यांच्या धैर्यावर बोलायला उभे राहिले, माईक किर्रर्र करून कोकलला, आणि बाई शालीसकट खुर्चीतून अशा उडाल्या की नारळ घरंगळत पहिल्या रांगेत आला. आम्ही सगळे हसलो. बाईही हसल्या. त्या आहेत तशाच आहेत, ह्याचं मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

पण अगदी तशा त्या राहिल्या नव्हत्या. बोटांच्या टोकांना स्पर्श कळेनासा झाला. गार, गरम काहीच समजेना. जन्मभर गरम वस्तूला भ्यालेल्या बाईला आता वस्तू गरम आहे की नाही हेच कळत नव्हतं, आणि ही भीती आधीच्या सगळ्या भीतींपेक्षा मोठी होती. चहाचा कप समोर आला की त्या आधी इकडेतिकडे बघायच्या. आई ते ओळखायची. कप स्वतः उचलायची, दोन्ही तळव्यांत धरायची आणि म्हणायची, "निवलाय. घ्या बिनघोर." मगच बाई घ्यायच्या. पुढे त्या निवृत्त होऊन अंबाजोगाईला भावाकडे राहायला गेल्या, तरी आई महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने जायचीच. मी कधी बरोबर असले तर बघायची, की त्या दोघी फारसं बोलतही नसत. चहा येईपर्यंत बसायच्या आणि चहा झाला की आई निघायची.

मी आता बीडला असते, कोर्टात कारकून आहे. माझ्या घरात टाकी उभीच असते, आणि गॅस पेटवण्याआधी मी वाकून जमिनीलगत हुंगते. नवरा हसतो. हसू दे.

बाई गेल्या त्या साध्या तापाने, थोड्या दिवसांच्या आजाराने. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि आत बायका अंघोळीची तयारी करत होत्या. चुलीवरून उतरवलेलं पाणी बादलीत ओतलेलं होतं, वर वाफ होती. बाईंच्या भावजयीने तांब्या बुडवला आणि बाईंच्या अंगावर ओतायला उचलला.

"थांबा," आई म्हणाली.

तिने बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "लई गरम हाय हे." कुणीतरी तिला समजवायला पुढे झालं, पण तिच्याकडे बघून तसंच मागे सरलं. आईने रांजणातलं गार पाणी आणून ओतलं, हात घालून पाहिलं, परत थोडं ओतलं, परत पाहिलं. मग तिने तांब्या भरून आपल्या हातावर धार धरली, बाईंच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "निवलंय बाई. भिऊ नका."