सुरीची पाठ

बाजारात तिला खाटीकबाई म्हणत. बोकडाची मांडी दोन घावांत मोकळी करणारी, नवऱ्यालाही सुऱ्याच्या टोकानेच जेवायला बोलावणारी बाई. पण जपानी सुशी, म्हणजे भातावर कच्चा मासा, विकणाऱ्या त्या हॉटेलात ती ‘डावरी’ होती, आणि कित्येक वर्षांनी दार ढकललं तर पहिली हाक तीच.

“कोण, डावरी? अगं, केवढी सुटलीस!” ओट्यामागून म्हातारा वस्ताद ओरडला.

“मटण खाते ना, वस्ताद.”

“मग इकडे कुठे वाट चुकलीस?”

“एक विचारायचंय. आधी खायला घाला.”

त्याने कोमट भाताची मूठ वळली, वर माशाचा काप बसवला. भातातल्या त्या आंबूस वासापायी ती एके काळी इथे धावत कामाला यायची. माहेराहून लाडकी जागा. पण इथल्या सुरीला धार एकाच बाजूने, उजव्या हातासाठी. डावरीच्या हातात काप वाकडा जायचा. मग वस्ताद सुरी उलटी धरून तिची जाड पाठ डावरीच्या बोटांवर हाणायचा. एका दुपारी डाव्या हाताची दोन बोटं मोडली. ती गेली, ती आज आली. ‘का मारलंत?’ एवढंच विचारायचं होतं.

तेवढ्यात तिला पलीकडे वस्तादची मुलगी दिसली. मासा कापत होती. डाव्या हाताने. सरळ, पातळ.

“सुरी कुठली गं?”

“बाबांनी खास घडवून घेतली, मावशी. उलट्या धारेची. मी शाळेत होते तेव्हा.”

डावरी वळली. “अशी सुरी मिळते, वस्ताद?”

“तेव्हाही मिळायची.” तो हसला. “पण तू काय माझी पोर होतीस?”

ती ओट्याला वळसा घालून आत शिरली. मुलीच्या हातातून सुरी हिसकावली. डाव्या हाताची बोटं मुठीवर मिटेनात. सुरी खळकन पडली. तिने ती उजव्या हाताने उचलली, उलटी केली, कोपराने वस्तादचा पंजा फळीवर दाबला आणि हाणली. मनगटातून, त्याच्यासारखीच. हाड कडकन वाजलं. हा आवाज तिच्या कानांना रोजचाच. तिने पुन्हा हाणली.

“सोड त्यांना! सोड, राक्षसिणी!” मुलगी तिच्या पाठीवर बुक्के घालत होती. वस्ताद गुरासारखा ओरडत होता.

डावरी बाहेर येऊन स्टुलावर बसली. मघाचा घास तोंडात टाकला. भात अजून कोमट होता, जिभेवर विरघळला. मेल्याने तेवढं मात्र बिघडवलं नव्हतं. तिला रडू फुटलं.

“पोलिसांना बोलव, पोरी,” ती घास गिळत म्हणाली. “आणि त्याच्या हाताला बर्फ लाव. माशांखालचा आहे ना, तोच. मला कुणी लावला नव्हता.”