मागच्या सीटवरून गडाकडे

त्या हिवाळ्यात मी देवीशी बोलणं सोडलं होतं. देवघरातला दिवा मी लावत होतो, हात जोडत होतो, पण मनात शब्द उमटत नव्हते. ज्याच्याशी भांडण झालंय अशा माणसाच्या घरात वावरावं तसा मी त्या कोपऱ्यापुरता वावरत होतो. लहानपणापासून वणीच्या गडावरची सप्तशृंगी हे आमचं कुलदैवत. लग्न, नोकरी, मुलगी, आईचं आजारपण, सगळं तिच्या कानावर घालून मग केलं. आणि तिनं माझ्या डोळ्यांवर घाला घातला, असं मला वाटत होतं.

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात नोकरीला आहे. यंत्रावर तयार झालेले भाग मोजून, डोळ्यांनी तपासून पुढे पाठवायचे, हे माझं पंचवीस वर्षांचं काम. वार्षिक तपासणीत तिथल्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी मला डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथे एका खोक्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं, हातात बटण दिलं. आत कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं. मी दाबत होतो. मध्येच बराच वेळ काहीच चमकलं नाही, तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, मशीन बंद पडलं वाटतं." तपासणाऱ्या मुलीनं पडद्यावरची नजर काढली नाही. यंत्र चालूच होतं.

काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ संपली होती आणि उजव्याचीही कमी व्हायला लागली होती. डॉक्टर चांगले होते, त्यांनी गोड बोलून काही लपवलं नाही. "गेलेली नजर परत येणार नाही. राहिलेली सांभाळू या," ते म्हणाले. "आणि मोटारसायकल आजपासून बंद." मी मान डोलावली, खाली आलो, गाडीला किक मारली आणि घरी गेलो.

हे वाचून कोणी मला मूर्ख म्हणेल आणि ते बरोबरच आहे. पण गाडी म्हणजे माझ्यासाठी नुसतं वाहन नव्हतं. एकविसाव्या वर्षी हप्त्यांवर पहिली गाडी घेतली, तेव्हापासून आयुष्यातलं बरंवाईट सगळं मी तिच्यावरून पाहिलं. सासुरवाडी घोटीची. दिवाळीनंतर तिकडून येताना नव्या तांदळाचं पोतं टाकीवर, मागे पत्नी, मध्ये लेक, अशी आमची वरात पाथर्डी फाट्याला आमच्या घरापर्यंत यायची. वाटेत लेक झोपायची आणि तिचं डोकं माझ्या पाठीवर टेकायचं. मग मी डावा हात मागे नेऊन तिला धरायचो आणि बैलगाडीच्या चालीनं गाडी चालवायचो. ते ओझं पाठीवर अजून आहे. पौषातल्या पहाटपाळीला स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालून जायचो, तरी बोटं अशी गारठायची की हजेरीचं कार्ड काढता येत नसे. पंक्चर गाडी उन्हात ढकलली आहे, वाळूवरून घसरून गुडघे फोडून घेतले आहेत. पाठीचा मणका तर केव्हाच कुरकुरायला लागला. आईला शेवटचं दवाखान्यात नेलं तेही गाडीवरच. ती इतकी हलकी झाली होती की मागे बसलीय की नाही हे मी दर चौकात हात लावून पाहत होतो.

अशी गाडी सोडायची म्हणजे काय उरतं? मी घरी कोणाला काही सांगितलं नाही. लेक लग्न होऊन बंगळुरूला गेलेली, घरात आम्ही दोघंच. कागद मी कपाटात कपड्यांखाली ठेवले. औषध कारखान्यातल्या कपाटात ठेवून तिथेच घालायचो. तीन महिने असे गेले. एकदा उड्डाणपुलाखाली रिक्षाच्या आरशाला हँडल लागलं. एकदा सिग्नलला डावीकडून आलेल्या स्कूटरवाल्यानं शिव्या दिल्या. दर वेळी मी स्वतःला बजावत होतो, मान जरा जास्त वळवायची, झालं.

पौषातल्या एका मंगळवारी रजा टाकली आणि पत्नीला "गडावर जाऊन येतो" म्हणून निघालो. तिनं विचारलं, "मी येऊ का? पुष्कळ दिवसांत ओटी भरली नाही." मी म्हणालो, "थंडी फार आहे, पुढच्या वेळी जाऊ." खरं कारण वेगळं होतं. मला दर्शन घ्यायचं नव्हतं, जाब विचारायचा होता, आणि त्याला साक्षीदार नको होता.

म्हसरूळ सोडलं तेव्हा चांगलं उजाडलेलं होतं, पण दिंडोरीच्या पुढे धुकं लागलं. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, त्यात औषध फवारणाऱ्या ट्रॅक्टरचे आवाज. मी हळूच चाललो होतो. रस्ता मोकळा दिसत होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. आणि मग डावीकडून काहीतरी हिरवं एकदम अंगावर आलं, हँडल हिसकलं गेलं आणि मी गाडीसकट रस्त्यावर घासत गेलो.

उठून पाहिलं तर मागे एक बाई पडल्या होत्या. पंचेचाळिशीच्या असतील. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं. गुरांसाठी कापलेल्या घासाचा भारा डोक्यावर घेऊन त्या शेताच्या वाटेवरून रस्त्यावर आल्या होत्या. माझं हँडल भाऱ्याला लागलं, भारा खाली पडला आणि त्या भाऱ्यावर पडल्या. म्हणून वाचल्या. बांगड्या फुटून मनगटातून रक्त येत होतं आणि एक गुडघा धरून त्या बसल्या होत्या. माझी गाडी आडवी, मागचं चाक अजून फिरत होतं.

मी धावत त्यांच्याजवळ गेलो. त्या ओरडल्या, "आंधळा हाय का रे तू?"

रस्त्यावर असं कोणीही कोणालाही म्हणतं. त्याचं उत्तर द्यायचं नसतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "हो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं माझ्या तोंडावर काहीतरी असलं पाहिजे, कारण त्यांचा आवाज खाली आला. "म्हंजे?"

मी त्यांच्या शेजारी रस्त्याच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. पत्नीला सांगितलं नव्हतं, लेकीला नव्हतं, ते ज्या बाईला मी नुकतंच पाडलं होतं तिला सांगितलं. ते खोकं, ते बटण, यंत्र बंद पडलं असं वाटलं ते. सांगताना मी रडलोही असेन. त्या डोक्याचं फडकं सोडून मनगटाला गुंडाळत होत्या. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, "घरी कोणाला ठावं हाय?" मी नाही म्हणालो.

"कुठं निघाले व्हते?"

"गडावर."

त्यांनी गुडघा सरळ करून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि उठल्या. "मंग चला. वणीच्या स्टँडपोतर सोडते. म्होरं यष्टीनं जा. गाडी माझ्या दारात राहील, कोणाला तरी घेऊन या अन् न्या."

"तुम्ही चालवणार?" मी विचारलं. त्यांनी एव्हाना गाडी उभी केली होती आणि पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल सरळ करत होत्या. तीन वर्षांपूर्वी मालकाला, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, लकवा झाला, त्या म्हणाल्या. उजवी बाजू गेली. गाडी दारात उभी, आणि त्यांना आठवड्याला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा मिळेना. शेवटी त्या खळ्यात गाडी शिकल्या. दोनदा गोठ्यात घुसल्या. आता डेअरीला दूधही त्याच घालत होत्या.

मी त्यांना म्हणालो, आधी तुमचा हात डॉक्टरला दाखवू. "काकणाचं लागलंय, मरत नाय त्यानं," असं म्हणून त्यांनी मळ्यातल्या कोणाला तरी हाक मारून घास घरी टाकायला सांगितला आणि गाडी सुरू केली. "बसा."

तीस वर्षांत मी माझ्या गाडीवर मागे बसलो नव्हतो. पाय कुठे ठेवायचे तेही शोधावं लागलं. मागची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. गाडी चालली आणि माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबू लागला, तिथे ब्रेक नव्हता. समोरून ट्रक आला की मी आखडायचो. वळण आलं की मी उलट्या बाजूला झुकायचो. एका वळणावर गाडी रस्त्याच्या कडेपर्यंत गेली, तेव्हा त्यांनी वेग कमी केला आणि मान न वळवता म्हणाल्या, "भाऊ, आंग सैल सोडा. तुम्ही येकीकडं, मी येकीकडं, मंग गाडीनं कोणाचं आयकायचं?"

मी दांडी आणखी घट्ट धरली.

"आमचे मालक बी आधी आसंच करायचे. मागं बसायचं म्हनून लय रडले. लोक हासतील म्हनायचे. हासले बी. मंग थांबले."

पुढच्या वळणाला मी दांडीवरची पकड सोडली आणि हात मांड्यांवर ठेवले. सांगायला ही एवढीशी गोष्ट आहे. पण ते वळण संपलं तेव्हा माझ्या छातीतलं काहीतरी ढिलं झालं होतं. मग माझ्या लक्षात आलं की मला आता समोर बघायची गरज नाही. मी मान पूर्ण डावीकडे वळवली. धुक्यातून ओळीनं द्राक्षाचे मांडव सरकत होते, एका शेडपुढे बायका पाटीत घड भरत होत्या, मागे डोंगराची कड वर येत होती. इतक्या वर्षांत या रस्त्याची डावी बाजू मी अशी पाहिलीच नव्हती. मला त्याचा आनंद झाला असं म्हणवत नाही. एका सुंदर जागेचा निरोप घ्यावा तसं वाटत होतं, आणि कोणाला दिसत नव्हतं म्हणून मी रडत होतो.

वणीच्या स्टँडवर त्यांनी मला उतरवलं. वाडीचं नाव सांगितलं, मारुतीच्या पारापाशी लकव्याच्या नानाचं घर विचारा म्हणाल्या. मी माझ्या गाडीची किल्ली एका अनोळखी बाईच्या हाती ठेवून एसटीत बसलो. त्यांचं नाव विचारायचं राहिलं हे नांदुरीच्या पुढे घाटात लक्षात आलं.

गडावर त्या दिवशी गर्दी बेताची होती. पायऱ्या चढून गाभाऱ्यापुढे आलो. किती दिवस मनात घोटलेले प्रश्न होते. आई सप्तशृंगी समोर उभी होती, नेहमीसारखी, मान एका अंगाला कलती करून, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी. मी काहीच विचारलं नाही. काही ऐकूही आलं नाही, कौलाचं फूल पडलं नाही. मागच्या माणसानं "चला पुढं" म्हटलं आणि मी पुढे सरकलो. एवढंच दर्शन.

पायऱ्यांवर बसून पत्नीला फोन लावला. गाडीशिवाय घरी जायचं तर खरं सांगण्यावाचून मार्ग नव्हता. मी सांगत गेलो, ती ऐकत राहिली.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "मी डाव्या बाजूनं आले की तुम्ही दचकता. हात लावला की झटकता. मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय."

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला जेवढं दुःख झालं नव्हतं तेवढं त्या वाक्यानं झालं. मी अंधार लपवत बसलो आणि ती बिचारी तीन महिने स्वतःत खोट शोधत होती.

रविवारी आम्ही दोघं आणि घोटीचे माझे मेहुणे त्या वाडीवर गेलो. मेहुणे गाडी चालवत नेणार होते. घर सापडायला काहीच कष्ट पडले नाहीत. पत्र्याचं घर, पुढे गोठा, भिंतीला माझी गाडी उभी. धूळ बसू नये म्हणून तिच्यावर पोतं टाकलेलं. बाई गोठ्यातून आल्या त्या लंगडत. गुडघा अजून सुजलेला होता. मी केलेलं मला दिसत होतं. मी दवाखान्याचं काढलं तर त्या म्हणाल्या, "गेले व्हते. हाड शाबूत हाय. उतरंल."

अंगणात बाजेवर त्यांचे मालक बसले होते. ओठ एका बाजूला उतरलेला, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी अडखळत विचारलं, "मागं... भ्या वाटलं का?"

"वाटलं," मी म्हणालो.

"मला बी," ते म्हणाले. मग आम्ही दोघं गप्प बसून गोठ्याकडे बघत राहिलो. इतका सोबतीचा गप्पपणा मी फार कमी वेळा अनुभवला आहे.

निघताना पत्नीनं पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले. घरून आणल्याचं मला माहीतही नव्हतं. तिनं बाईंना पाटावर बसवलं आणि त्यांची ओटी भरली. बाई संकोचून म्हणाल्या, "आवो ताई, मला कशापायी? देवीला न्यायचं ना." पत्नीनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. बाईंनी पाय मागे ओढून घेतला, तोही दुखराच होता.

गाडी आता घोटीला मेहुण्यांकडे आहे. मी कारखान्याच्या बसनं जातो. तपासणीच्या कामावरून मला भांडारात बसवलं आहे. ते काम मला आवडत नाही आणि आवडेल असंही वाटत नाही. उजव्या डोळ्याचा परीघ पुढच्या तपासणीत किंचित आणखी आत आला होता. सकाळी उठल्यावर पहिल्या क्षणी मन अजून घाबरतं. कृपा झाली म्हणजे दुःख गेलं, असं माझ्या बाबतीत घडलेलं नाही. त्या बाईंना देवीनं पाठवलं का, हेही मला कोणी विचारू नये. त्या घास कापून घरी चालल्या होत्या आणि मी त्यांना पाडलं, एवढं मला ठाऊक आहे. ज्याच्या हातून त्या पडल्या त्यालाच त्यांनी उचललं, हेही ठाऊक आहे. त्यांची जागा जर इंचभर इकडेतिकडे असती तर आज मी कोणत्या तोंडानं हे लिहिलं असतं, या विचारानं अजूनही हात आपोआप जोडले जातात.

देवीशी बोलणं पुन्हा सुरू झालं आहे. आता मागणं थोडं असतं. गडावर आम्ही दोघं एसटीनं जातो. पत्नी माझ्या डाव्या बाजूला असते, तिचा हात माझ्या दंडावर. गर्दी असली, ऊन डोळ्यांत आलं, की मला पुढचं नीट समजत नाही.

"पायरी," ती म्हणते.

मी पाऊल टाकतो.