विजेची गाडी आणि बाबांचं 'वा'

वडनेरला बसून इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार बनवायची म्हटलं, तर अडचण एकच असते : वीज.

दोन हजार सालानंतरचे ते भारनियमनाचे दिवस. वीज यायची उशिरा आणि पंख्याने वेग धरायच्या आत निघूनही जायची. त्यात आमचं दुकान मोटारपंपांचं. वीज नाही म्हणून पंप चालत नाहीत, पंप चालत नाहीत म्हणून कोणी विकत घेत नाही, आणि अशा दुकानदाराच्या एकुलत्या एक इंजिनियर पोराने ठरवलं, की आपण विजेवर पळणारी गाडी बनवायची. तीही साधीसुधी नाही, चालवताना अंगावर काटा यावा अशी! (पुण्याची नोकरी सोडून मी गावी का परतलो, असं लोक अजून विचारतात. अशा वेळी माझी बायको वंदना स्वयंपाकघरात काहीतरी करपत असल्यासारखी उठून जाते.)

"पन हे कायले पायजे तुले?" बाबांनी विचारलं.

"बाबा, थरार वाटला पायजे चालवनाऱ्याले! पाय ठेवला का गाडी सुटलीच पायजे!"

"सुटून जाची कुठं हाय?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

खरं तर थरार म्हणजे काय हे मला पुस्तकांतून कळलं होतं आणि बाबांना अंगावरून. तरुणपणी ते शंकरपटात जोडी हाकायचे. बैलांच्या शर्यतीत छकड्यावर उभा राहून कासरे धरणारा जो धुरकरी असतो ना, तो. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. पुढे दुकान आलं, गुडघे आले, पट सुटला. पण पटाचा विषय निघाला की गल्ल्यामागचा हा अबोल माणूस जरा ताठ बसायचा.

मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. म्हटलं, पेट्रोलच्या गाडीला आधी दम गोळा करावा लागतो, मग ती पळते. विजेच्या मोटरचं तसं नाही. उभ्या जागेवरून तिची पूर्ण ताकद एका झटक्यात मिळते. पटाची जोडी सोडल्यावर पहिली उडी घेते, अगदी तशी.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "तशी?"

"तशीच!"

"मंग पाहू." आणि त्यांनी अट घातली. दुकानामागचं गोदाम गुरांची सरकी-ढेप विकणारा एक व्यापारी मागत होता. संक्रांतीनंतर गावचा पट भरतो, त्याच्या आत गाडी तयार करायची. ती बाबा स्वतः चालवणार. त्यांच्या तोंडातून 'वा' निघालं, तर गोदाम कायमचं माझं आणि माझ्या गाड्यांचं. नाही निघालं, तर गोदामात ढेप आणि मी गल्ल्यावर.

गोदाम मला हवंच होतं. पण खरं सांगू? त्याहून जास्त मला ते 'वा' हवं होतं. मी बोर्डात आलो तेव्हा बाबा "बरं" म्हणाले. इंजिनियर झालो तेव्हा "बरं" म्हणाले. लग्नाच्या मांडवात वंदनाला हार घातला, तेव्हा जरा थांबून "बरं" म्हणाले. 'वा' हा शब्द त्यांनी फक्त बैलांसाठी राखून ठेवला होता, आणि माणसाला बैलांचा हेवा वाटणं ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही.

कामाला लागलो. भंगारातून माल उचलायच्या यंत्राची मोटर आणली. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या जमवल्या. कागदावर गाडी दोन माणसांची होती, पण बॅटऱ्यांनी आपापल्या जागा धरल्यावर एकाचीच उरली.

"अवो, मले बसवनार होते ना बाजूले?" वंदना म्हणाली.

"होय, पन बॅटरी..."

"ठीक हाय. तिलेच बसवा. तिच्याशीच बोलता तसंही दिवसभर."

बॅटऱ्यांमुळे ब्रेकच्या पेडललाही जागा राहिली नाही. मग मी ब्रेक हाताचा केला, डाव्या बाजूला एक दांडा. (या दांड्याचा मला फार अभिमान होता. नवीन कल्पना म्हणून मी तो आराखड्यात लाल शाईने काढला होता!) वेग कमी-जास्त करायची योजनाही घरीच केली. तिला दोनच अवस्था जमल्या : काहीच नाही आणि सगळंच.

सांगाड्यावर पत्रा चढवायचं काम माझा बालमित्र गजानन याला दिलं. गजानन उन्हाळ्याचे कूलर बनवायचा. हात इतका बसलेला, की मी दोन तास आराखडा समजावला, त्याने मान हलवली आणि गाडीला चारही बाजूंनी कूलरच्या जाळ्या ठोकून दिल्या.

"गज्या, हे काय केलं बे?"

"हवा नाई पायजे का मानसाले? आन हे पाय, खाली भोक ठेवलं. पानी काढाले!"

"पानी कुठून येईन गाडीत?"

"आलंच तं?"

गाडी दुकानासमोर उभी राहिली, तेव्हा दोन गिऱ्हाइकांनी भाव विचारला. एकाने वाळ्याच्या ताट्या वेगळ्या पडतील का, तेही विचारलं.

पटाच्या आदल्या दिवशी सकाळी मी, वंदना आणि बाबा गाडी टेम्पोत घालून मैदानावर घेऊन गेलो. दुसरीकडे नेण्यात अर्थ नव्हता. गाडी जमिनीपासून इतकी खाली होती, की आमच्या रस्त्यावरच्या एकेका खड्ड्यात तिने मुक्काम केला असता. मैदान मात्र पटासाठी छान सपाट केलेलं. शेजारच्या पट्टीवर दुसरे एक धुरकरी, श्रावणभाऊ, आपल्या पांढऱ्याशुभ्र जोडीला सराव द्यायला आले होते. छकडा जुंपलेला, बैल शांत उभे, श्रावणभाऊ तंबाखू मळत.

बाबा धोतर सावरत गाडीत बसले. म्हणजे आधी एक पाय, मग बराच वेळ काही नाही, मग आम्ही दोघांनी ढकलल्यावर उरलेले बाबा.

"उजव्या पायाखाली वेग हाय बाबा. सांभाळून ठेवजा. आन थांबाचं असलं तं हा दांडा ओढजा."

"हूं. चालू तं कर."

"चालूच हाय."

बाबांनी कान दिला. "आवाज नाई येऊन राह्यला."

"विजेची हाय, आवाज नसते तिले."

"चालू हाय तं सांगाले नको का तिनं? बैल फुरफुर तरी करते!" असं म्हणून, खरंच चालू आहे की पोरगा फसवतो आहे हे पाहायला, बाबांनी उजवा पाय आपटला.

गाडी सुटली.

मी इतके महिने जिची स्वप्नं पाहिली, तीच पहिली उडी! धूळ, बाबांची टोपी आणि बाबा, तिघेही वेगवेगळ्या दिशांना गेले. बाबा मागे फेकले गेले, आणि आयुष्यभर वेग आवरायला जे केलं तेच त्यांनी केलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून कासऱ्यासारखं छातीकडे ओढलं.

"हो! हो रे! हो राज्या!"

धुरकरी कासरा ओढतो तेव्हा पाय समोर रेटून धरतो. त्याशिवाय जोर लागत नाही. बाबांनीही पाय रेटला, आणि तो पाय कुठे होता हे मी वर सांगितलंच आहे. आवरायचं म्हणून ते जोर लावत, आणि त्याच जोराने गाडी पळे. आणि माझा लाल शाईतला दांडा डाव्या बाजूला कोणी हात लावायची वाट पाहत होता.

"पाय काढा बाबा! पाय!" मी मागून धावत ओरडलो.

"पायच तं लावून राह्यलो!"

एवढ्यात गाडी श्रावणभाऊंच्या जोडीशेजारून गेली. बिचाऱ्या बैलांनी बराच गोंगाट ऐकला होता जन्मात, पण एक चकचकीत कूलर, आत 'हो हो' ओरडणारा एक म्हातारा घेऊन, स्वतः अजिबात आवाज न करता बाजूने निघून जातो, असं त्यांनी पाहिलं नव्हतं. ते उधळले. श्रावणभाऊ तंबाखूसकट मागे राहिले, आणि रिकामा छकडा घेऊन जोडी अशी सुटली, अशी सुटली, की पट्टीच्या शेवटी तिने माझ्या गाडीला मागे टाकलं!

गाडी पुढे कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगात घुसली आणि दिसेनाशी झाली.

मी धावलो. त्या धावण्यात गोदाम, मोटर, थरार, काही डोक्यात उरलं नव्हतं. बाबांना काही झालं नसू दे, एवढंच. त्यांनी कधी 'वा' म्हटलं नाही तरी चालेल, रोज सकाळी "बरं" म्हणायला ते गल्ल्यावर असू देत. मी दोन्ही हातांनी कुटार उपसत होतो, वंदना शेजारी रडत उपसत होती.

कुटार गजाननच्या चारही जाळ्यांतून आत गेलं होतं. त्यातून आधी चष्मा दिसला, मग बाबा. मिशीत कुटार, कानात कुटार. डोळे मात्र लखलखत होते, आणि ते माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होते. तिथे श्रावणभाऊंची जोडी थांबून फुरफुरत होती.

"वा!" बाबा म्हणाले. "वा रे पठ्ठे!"

मी खालीच बसलो. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते माझ्या डोळ्यांदेखत बैलांना मिळालं होतं.

वंदनाने डोळे पुसले आणि पदर खोचला. "मामाजी, 'वा' म्हनले ना तुमी?"

"बैलाईले म्हनलो."

"निघालं तं तुमच्याच तोंडातून ना? आन बैल पळाले कायच्यानं?"

बाबा कुटारात बसूनच विचार करू लागले. दुकानदार माणूस, दिलेल्या शब्दापासून मागे हटणारा नव्हे. शेवटी त्यांनी मिशी झटकली. "शब्द म्हंजे शब्द. गोदाम तुयं." मग मला हात द्यायला लावून उठले, आणि कोणी ऐकत नाही असं पाहून हळूच म्हणाले, "संजा, पहिल्या उडीले पोट मांगंच राह्यलं लेका माह्यं. पटावरच असं होये."

मला इतकं बरं वाटलं, की मी बाबांच्या पाठीवरचं कुटार गरजेपेक्षा जास्त वेळ झटकत राहिलो.

गोदाम मिळालं. मी बाहेर झोकात पाटी लावली : 'येथे थरारक इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार बनवून मिळतील.' आठवडाभरात माणसं यायला लागली. आर्वीकडून आली, समुद्रपूरकडून आली, एक तर थेट कारंज्याहून. सगळे पटाचे शौकीन, आणि सगळ्यांचं एकच, "भाऊ, बैलाईच्या मांगून सोडाची ते गाडी तुमच्याच इथं भेटते ना?"

बाबांनी सगळ्यांना हाकलून लावलं. भेव दाखवून बैल पळवणं म्हणजे पट नव्हे, असं त्यांचं ठाम मत. मी आत जाऊन आराखडा उलगडला. वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'गाडी थरारक हवी.' थरार कोणाला वाटावा, तेवढं लिहायचं राहून गेलं होतं.