बड्या दिनाची लाल मच्छी

माझ्या नातजावयाले दुसरं काई सुचत नाई. घरी पाहुणा आला का त्याच्या हाती चहाचा कप देते आन् मले म्हणते, "आबाजी, तो मच्छीचा किस्सा सांगा ना!" माझी फजिती काय बिस्कूट आहे, चहासंगं द्यायले? आता त म्हणते, लिहूनच काढा. चौथीत दोनदा नापास झालेल्या माणसाले लिहायले लावते हा! बरं, लिहितो. पण एकदाच. पुढं कोणी विचारलं त हा कागद त्याच्या तोंडासमोर धरा आन् मले झोपू द्या.

तवा मी धानोऱ्याकडच्या जंगलात एका सरकारी बंगल्यावर खानसामा होतो. होतो म्हणजे रोजंदारीवर. साहेब आला का बोलवत, साहेब गेला का हाकलत. इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झालती, पण त्यायचे काटे-चमचे बंगल्यातच राह्यले होते. मुर्गीचा रस्सा, आमलेट, कस्टर्ड, एवढं मले येत होतं. आन् मच्छी? कठाणी नदीच्या काठी जलमलेल्या माणसाले मच्छी येते का म्हणून विचारता का तुम्ही!

जंगल खात्याचे आमचे थॉमस साहेब किरिस्ताव होते. माणूस भला. नाताळाले आमच्याकडं बडा दिन म्हणत. त्याच्या आठ दिवस आधी मले बोलावून म्हणाले, "बड्या दिनाला एक म्हातारे गोरे साहेब जेवायला येणार आहेत. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. आता ते कायमचे विलायतेला चालले. जेवण चांगलं झालं, तर खानसाम्याची जागा पक्की करायचा कागद मी त्याच दिवशी लिहितो."

पक्की नोकरी! खाकी कोट, महिन्याचा पगार, म्हातारपणी पेन्शन! बायकोनं संध्याकाळपर्यंत साऱ्या मोहल्ल्यात सांगून टाकलं. तिच्या भावाले त चिठ्ठी बी गेली.

आदल्या दिवशी चांद्यावरून मोटारीनं एक लाकडी पेटी आली. पेटीत भुसा, भुशात बर्फ, बर्फात मच्छी. हातापेक्षा लांब, अंगावर चांदीचा मुलामा दिल्यावानी. साहेबाच्या मेव्हण्यानं मुंबईच्या बंदरात विलायती बोटीवरून घेऊन धाडलती.

"हिला सामन म्हणतात, लिहितात सॅल्मन," साहेब म्हणाले. "मिरची नाही, हळद नाही. मीठ, मिरे, लोणी. अख्खी वाफेवर शिजवायची, बाजूला उकडलेले आलू. समजलं?"

"समजलं साहेब."

हे 'समजलं' माझ्या तोंडात लय लवकर येते. साहेब जीप घेऊन पाहुण्याले आणायले गडचिरोलीले गेले. उद्या दुपारी येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छीचं पोट फाडलं आन् माझ्या हातातला चाकूच खाली पडला. आतून लाल! पिकलेली पपई कापल्यावानी! आमच्या नदीत रोहू आहे, मरळ आहे, पण कोणाचं मास असं नाई. मच्छी म्हणजे आतून पांढरी. हे तान्ह्या लेकराले बी माहीत आहे.

मी मच्छी टोपल्यात टाकली आन् गेलो बिसनकडं. बिसन म्हणजे नदीवरचा ढिवर. त्याचा बाप, त्याचा आजा, सारे मच्छीमारीतच जगले. मच्छीच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल.

त्यानं मासात बोट दाबलं, वास घेतला, डोये मिटले. जसा वैद नाडी पाहून राह्यला.

"कई मेली हे?"

"मले का माहीत? मी का मयतीले गेलतो?"

"आतून लाल मच्छी तू कई पाह्यली का?"

"नाई."

"म्या बी नाई. रक्त मासात उतरलं भाऊ. गेली हे."

"पण वास त येत नाई?"

"बर्फातल्या मुडद्याले वास येते का बे? साहेब खाईन, दोन घंट्यात आडवा पडन. गोरा बी पडन. मंग तू जा जेलात."

खाकी कोट गेला आन् जेलाचा सदरा डोयासमोर आला. मी म्हणलं, "आता काय करू?"

"घाबरतं काऊन? सकाळीच जाळ्यात रोहू भेटली, ते ने. अख्खी ठेव वाफेवर. मच्छी ते मच्छी. आन् हे मी पुरून टाकतो. कुत्र्यानं खाल्ली त कुत्रं मरन."

किती काळजी त्याले कुत्र्याची! मी त्याले वरून बिडीचं बंडल देल्लं, खड्डा खोल खांद म्हणून.

दुपारी जीप आली. मोठ्या ताटात लोण्यानं न्हालेली रोहू, भवताल आलू, वरून निंबाच्या चकत्या. म्हातारा साहेब गळ्याजवळ रुमाल खोचून बसला. थॉमस साहेबानं सुरी घातली. पांढरं मास. पलटवून दुसऱ्या बाजूनं घातली. पांढरं. म्हाताऱ्या साहेबानं एक घास तोंडात घेतला आन् काटे काढाले सुरुवात केली. एक काढला, दोन काढले, ताटाच्या काठावर कुंपण उभं झालं.

मी दाराजवळ छाती काढून उभा होतो.

"खानसामा," थॉमस साहेब म्हणाले, "ही सामन आहे?"

"नाई साहेब." खोटं काऊन बोलू? मी त जीव वाचवला होता त्यायचा! "ते सडली होती. आतून पुरी लाल. मी फेकली. तुम्ही बिनघोर जेवा, तुमाले काई होणार नाई."

आन् मी शाबासकीची वाट पाहत राह्यलो.

थॉमस साहेब खुर्चीवरून उठले. "अरे मूर्खा, ती आतून लालच असते!"

"हौ का? मंग सांगाचं ना साहेब! मिरची नको हे सांगतलं, आलू उकडा हे सांगतलं. मच्छी लाल राहते हे सांगाले का झालतं?"

म्हाताऱ्या साहेबानं तोंडावर रुमाल धरला. हसत होता का रडत होता, देवाले माहीत.

"जा! उकरून आण!"

मी पळत सुटलो. बिसनच्या अंगणात पोचलो त खड्डा कुठीच नाई. चूल पेटलेली, पळसाच्या पत्रावळ्या मांडलेल्या, बिसनचा सासरा, साळे, सारे पंगतीले बसलेले.

"मच्छी कुठी पुरली बे?"

बिसननं पोटावरून हात फिरवला.

"तूच म्हणलता ना, सडली म्हणून!"

"साहेबाच्या पोटाले सडली होती भाऊ. आमच्या पोटाले का होते? बस, घे दोन तुकडे."

मी चुलीवरची देगचीच उचलली. अर्धी मच्छी राह्यली होती. अंबाडीची भाजी आन् मूठमूठ तिखट घालून बिसननं स्वताच्या हातानं शिजवलती. आता मच्छी लाल होती का रस्सा लाल होता, ओळखू येत नवतं.

बंगल्यात नेऊन देगची टेबलावर ठेवली.

"हे काय?" थॉमस साहेब.

"सामन, साहेब. उरली तेवढी."

म्हाताऱ्या साहेबानं चमचाभर घेतलं. नाकातून पाणी, डोयातून पाणी, कान लालभडक. मंग चमचा बाजूले ठेवला आन् भात मागतला. हातानं कालवून खाल्ला. पुन्हा मागतला. देगची पुसून झाली तवा टेबलावर मूठ आपटून ओरडला, "ये किसने पकाया?"

आता तुम्हीच सांगा. गोऱ्याचं तोंड लाल, डोयात पाणी, टेबलावर मूठ. शयाण्या माणसानं काय समजाचं? मले वाटलं, रांधणारा गेला जेलात! मी दोनी हात जोडले.

"मी नाई साहेब! देवाशपथ, मी हात बी लावला नाई! बिसननं केलं. बिसन ढिवर. इथीच नदीवर राहते. आणू का धरून?"

आन् धरून आणला बी मीच. मानगूट धरून आणला, रस्ताभर त्याले म्हणत आलो, "चाल, भोग आता."

म्हातारा साहेब उठला आन् त्यानं बिसनचा हात हातात घेतला. इतकी वर्षं या मुलखात काढली, म्हणाला, पण बड्या दिनाले असं जेवण कोणी देल्लं नवतं.

थॉमस साहेब शब्दाचे पक्के. खानसाम्याच्या जागेचा कागद त्यायनं त्याच दिवशी लिहिला. बिसनचं नाव घालून.

बायको महिनाभर माझ्याशी बोलली नाई. दुसऱ्या दिवशीपासून मी त्याच बंगल्यात, त्याच चुलीपाशी, रोजंदारीवर कांदे कापले. कोणाच्या हाताखाली, ते लिहू का अजून?

साहेबाचा मले राग नाई, मच्छीचा बी नाई. पण एका माणसानं अजून माझी माफी मागतली नाई. खाकी कोट त्यानं फाटेपर्यंत घातला. आता पेन्शन खाते, एक दात नाई पण रोज मच्छी लागते, आन् रस्त्यात भेटला का मलेच विचारते, "काऊन भाऊ, मच्छी आतून कशी राहते?" लिहून ठेवा त्याचं नाव: बिसन ढिवर.