माय-लेकींचा फ्लेक्स

राज्यसेवेची मुख्य परीक्षा यापुढे वर्णनात्मक होणार हे पक्कं झालं, त्या आठवड्यात मी घरातली बहुपर्यायी प्रश्नांची सगळी पुस्तकं सुतळीनं बांधली आणि माळ्यावर टाकली. मी कामं अशीच करते. सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे, बेचाळीस वर्षांची आहे, आणि दिवसभराची कामं सकाळीच यादीत उतरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. वयाच्या अटीप्रमाणे ही माझी शेवटची संधी होती. इतकी वर्षं चारातला एक गोल काळा करायचा सराव केला होता, आता पानंच्या पानं लिहायची होती. बरोबरीचे सगळे धास्तावले. मी धास्तावले नाही, मी वेळापत्रक केलं.

पहाटे दोन उत्तरं. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत पुढच्या विषयांचे मुद्दे. रविवारी लोणावळ्याच्या अभ्यासिकेत पूर्ण पेपर. रविवारी तिकडचा रस्ता फिरायला आलेल्या गाड्यांनी तुंबलेला असतो, म्हणून आमच्या कामशेतहून लोकलनंच जायचं. सोबत मुलगी. ती त्याच वर्षी पदवीधर झाली होती. "तू नुसती शेजारी बस, सवय होईल," असं मीच तिला म्हणाले होते. ती माझ्या शेजारी बसून मोबाइलवर जुने बहुपर्यायी प्रश्न सोडवायची. मला ते बघवायचं नाही.

"अगं, लिही की जरा. हे गोल करून आता काही होणार नाही."

"आई, पूर्व परीक्षा अजून गोलांचीच आहे."

"पूर्वचं काय सांगतेस? ती मी दोनदा पास झालेय."

खरंच झाले होते. म्हणूनच तिकडे पाहिलं नाही. महिनोन् महिने मी निबंध लिहिले, धरणं, पाणलोट, पंचायत राज, स्त्रियांचं आरोग्य. अक्षर सुधारलं, प्रस्तावना सुधारली. पूर्व परीक्षेला बसले तेव्हा एकेका प्रश्नावर मला चांगलं पानभर लिहिता आलं असतं. चारातलं बरोबर कोणतं, एवढंच सांगता येईना.

निकालाच्या यादीत मुलीचा क्रमांक होता. माझा नव्हता. थोडक्यात हुकलं होतं, पण हुकलेलं थोडक्यात काय नि जास्त काय. मी तिला जवळ घेतलं आणि शिरा करायला लागले. साखर दोनदा पडली. मिस्टर, मुलगी आणि मी, तिघांनी तो गोडमिट्ट शिरा संपवला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत असताना वडिवळ्याहून चुलत दिराचा फोन आला. वडिवळे आमचं सासरचं गाव.

"वैनी, वॉट्सॅप उघडा आदी."

उघडलं. कामशेतकडून गावाला जाताना जो फाटा लागतो, तिथं उभा केलेला फ्लेक्स. 'मावळच्या मातीतल्या माय-लेकी. राज्यसेवा परीक्षेत घवघवीत यश. शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ.' मुलीचा कॉलेजातला फोटो आणि त्याला चिकटून माझा, कुणाच्या तरी हळदीकुंकवातला, नथ घातलेला. त्याचा फोन स्पीकरवर होता. मागं पाच-सहा जणांचा आवाज येत होता.

"भाऊजी, अहो, हे कशाला एवढं?"

"कशाला म्हंजी? गावाचं नाव काडलं दोगींनी. रयवारी देवळात सत्कार हाय, बाकी कायबी सांगू नका."

'कशाला एवढं' हे मी भानावर नसताना बोलले. कुणीही संकोचानं बोलतं तसं. पण फोन ठेवेपर्यंत कळलं होतं, की तो माझा होकार झाला आहे. मला खरं एक वाक्य बोलायचं होतं, मी नापास झाले. लोक बाजूला आहेत, मग एकटं गाठून सांगू, असं ठरवलं. पुढं रोज सकाळच्या यादीत 'भाऊजींना फोन' सगळ्यात वर लिहायचे, आणि संध्याकाळी तेवढं सोडून बाकी सगळ्यावर काट मारलेली असायची.

का केला नाही फोन? फ्लेक्स उतरवला असता तर मुलीचा फोटोही उतरला असता, असं कारण मी स्वतःला दिलं होतं. पण शुक्रवारी कचेरीतून सुटल्यावर मी वाट वाकडी करून त्या फाट्यावर गेले. स्कूटर बाजूला लावून फ्लेक्स बघत उभी राहिले. आपल्याला तो फोटो आवडला, हे मला कळलं. नथीत मी अधिकारी दिसत होते.

मिस्टर म्हणाले, "तू सांगशील म्हणून मी गप्प आहे." मुलीला वाटत होतं, आई सत्कारात सांगणार. मलाही तसंच वाटत होतं. बोलायची चार वाक्यं मी पाठ केली होती.

रविवारी देवळापुढं चटया अंथरल्या होत्या. भाताची झोडणी उरकली होती, त्यामुळे माणसं निवांत होती. बायकांच्या बाजूला आम्ही जाऊन बसतो तोच मागून एक म्हातारी म्हणाली, "सायबीण झालीस म्हंजी आमच्या सातबाऱ्याचं तेवडं बग गं बाई."

"तुज्या सातबाऱ्याच्या धसक्यानं ती बदली मागून घील," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

माईक दिराच्या हातात होता. त्यानं आधी मुलीचं नाव घेतलं, मग माझं. गावात वयानं थोरले आबा, मिस्टरांचे चुलते, शाल-नारळ घेऊन उभे होते. मुलगी पुढे गेली. मी अजून चटईवर होते. तेवढ्यात बाजूच्या दोघींनी मला कोपराला धरून उठवलं. त्यांनी उठवलं म्हणून मी उठले, असं सांगता येईल. पण पावलं माझी होती. आबांनी खांद्यावर शाल टाकली, मी वाकून नमस्कार केला, नारळ ओटीत घेतला. दिरानं माईक माझ्यापुढं धरला.

"बोला, वैनी."

पाठ केलेल्या चारातलं एकही वाक्य आठवेना. मी माईककडे नुसती बघत राहिले. मुलीनं तो माझ्यासमोरून घेतला आणि म्हणाली, "आईला भरून आलंय. आमच्या दोघींचा सत्कार केलात, आम्ही आभारी आहोत." टाळ्या पडल्या.

परतताना गावाबाहेर आल्यावर तिनं मला स्कूटर थांबवायला लावली. उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"आई, मी खोटं बोलले."

"मला कळतंय."

"परत नाही बोलणार. पास मी एकटी झालेय. तू अर्धं घेतलंस माझं, आणि माझ्याच तोंडून घेतलंस."

पोरीला कधी कशाची कमी पडू दिली नाही, असा माझा समज होता.

"तू सांगेपर्यंत मी तुला उत्तरं दाखवणार नाही," ती म्हणाली. मुख्य परीक्षा पुढं होती, आणि घरात लिहायची तयारी फक्त माझी झालेली होती. तिला माझी गरज होती, तरी ती हे म्हणाली.

सोमवारी रजा टाकली आणि एकटी गावाला गेले. आबा पडवीत वाल सोलत बसले होते. मी शाल घडी करून त्यांच्यापुढं ठेवली आणि बसायच्या आत सांगून टाकलं.

"आबा, मी नापास झालेय. पास फक्त पोरगी झाली."

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली.

"मंग खाली बसायचं हुतंस."

"चूक झाली, आबा."

"चूक पोरांची. बोर्ड त्यांनी लावला. तू उटून शाल घेतलीस, ती चूक न्हाई. तिला दुसरं नाव हाय." ते नाव त्यांनी घेतलं नाही. पुढची शेंग उचलत विचारलं, "पोरीचं तरी झालं का समदं?"

"नाही. अजून लेखी आहे, मग मुलाखत."

"म्हंजी काय झालंच न्हाई अजून."

"नाही."

"शाल खुटीला लाव. लागंल तवा लागंल."

मी खुंटीला शाल लावली. मागच्या दारातून दीर सगळं ऐकत उभा होता, हे निघताना कळलं. तो माझ्यापेक्षा जास्त ओशाळला होता. "मला वाटलं, पोरगी झाली म्हणल्यावर तुमी तर झालाच आसणार. इतकी वर्सं आब्यास कोण करतंय?" असं म्हणून तो कामाला लागला. नवा फ्लेक्स छापायचा तर वाया खर्च. माझ्या फोटोवर दुसरा फोटो चिकटवू, असं त्यानं सुचवलं. कोणाचा, तर तालुक्याच्या एका पुढाऱ्याचा. रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणे. मी बरं म्हणाले. बुधवारपर्यंत काम झालं. पुढाऱ्याच्या हनुवटीखाली माझ्या साडीचा काठ आणि वर 'माय-लेकी' तेवढं राहिलं होतं. येणारे-जाणारे स्कूटर हळू करून बघायचे. कचेरीतही बातमी आली. मी अधिकारी होणार म्हणून शिपाई मला आधीपासूनच 'साहेब' म्हणायचा. त्या दिवशीही सवयीनं म्हणाला आणि मग चहा ठेवून लगबगीनं निघून गेला. ते मला सगळ्यात लागलं.

त्याच संध्याकाळी मुलीनं जेवणाच्या टेबलावर एक उत्तर आणून ठेवलं. डोंगरी भागातल्या पर्यटनाचे परिणाम.

"तपास. गुण आई म्हणून देऊ नकोस."

मी लाल पेन घेतलं. प्रस्तावना लांबली होती, दोन मुद्दे एकमेकांत मिसळले होते, शेवट घाईचा होता. पण मधला एक परिच्छेद असा होता, की वर्षभर लिहूनही मला तसा लिहिता आला नव्हता. पेन त्याच्यावर थांबलं. त्यात काही खोट सापडते का, म्हणून मी तो पुन्हा वाचला, आणि आपण काय शोधतोय हे कळल्यावर मान वर करवेना.

"काय झालं? चुकलंय?" तिनं विचारलं.

"नाही. हे चांगलं आहे," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं. प्रस्तावना मात्र अर्धी कर."

तिनं कागद ओढून घेतला आणि तिथंच बसून प्रस्तावना कापायला लागली.