मेलखालचं नाव

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं. अंगणात चटई टाकली होती. मी एक शेंग सोलेपर्यंत तिच्या तीन व्हायच्या. पोलिसाचे हात नुसते सलाम ठोकायच्या कामाचे, असं तिचं चाललं होतं. मधेच थांबून म्हणाली, "बोरगावची ते पोरगी आता कुठं असन जी?"

मी म्हटलं, असेल कुठं तरी, लेकरंबाळं झाली असतील.

"तिचं लिहून ठेवा. नाईतर तुमच्यासंगच जाईन ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच गेली. छातीत दुखतं म्हणाली, दवाखान्यापर्यंतही पोहोचली नाही. तिनं सांगितलं होतं म्हणून लिहितो.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार होऊन घरी आलो. लिहिण्याची सवय पंचनाम्याची, ती इथंही दिसेल. नाव कोणाचंच लिहिणार नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते आता एकात एक मिसळून जातात. हे प्रकरण बारकं होतं, तरी यातला एकेक चेहरा समोर आहे.

काळ दोन हजार सालानंतरचा. ठाण्यात कॉम्प्युटर एकच, आणि त्याच्यावर कायम टॉवेल झाकलेला. कापसाचा हंगाम सुरू होता. सिंदीकडचे एक जिनिंगवाले शेठ, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचे मालक, छापील कागद घेऊन आले. त्यांना ईमेल आला होता. वर घाण शिव्या आणि खाली, तुझ्या जिनिंगला आग लावतो. हंगामात जिनिंगच्या आवारात बिडीसुद्धा पेटवू देत नाहीत. तिथं अशी धमकी हसण्यावारी नेता येत नाही. मेल आला होता वर्ध्याच्या एका कंपनीच्या पत्त्यावरून. मशीन आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारी कंपनी. सगळ्यात खाली एका मुलीचं नाव, आडनावासकट.

शेठ म्हणाले, तिनं स्वतःचं नावच लिहिलं, आणखी कोणता पुरावा पाहिजे. आमच्या ठाणेदार साहेबांनाही तेच वाटलं. चौकशी माझ्याकडं आली.

मुलगी बोरगाव मेघेची, त्या कंपनीच्या ऑफिसात कामाला. बाप वारलेला. आई डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायची. महिला शिपाई सोबत घेऊन जीपनं गेलो. जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली तशी एकेक खिडकी उघडली. पोरगी जीपमध्ये बसली. आई चौकापर्यंत जीपमागे चालत आली, मग दिसली नाही.

ठाण्यात पोरगी रडली नाही. मी कागद समोर ठेवला. तिनं वाचला आणि म्हणाली, "हे खातं माझं नाही साहेब. सगळ्यांचं आहे."

मला यातलं काही कळत नव्हतं. लहान पोराला सांगतात तसं सांग, असं मी म्हटलं. तिनं सांगितलं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी कधी फोनवर यायच्या, कधी चिठ्ठीवर, आणि हरवायच्या. म्हणून मालकानं नागपूरहून एक सॉफ्टवेअर घेतलं. सगळ्या तक्रारी एकाच ईमेलवर याव्यात, चौघांनी एकाच पासवर्डनं तो उघडावा, जो मोकळा असेल त्यानं उत्तर द्यावं. हिनं कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून खातं उघडायचं काम हिच्याकडं आलं. उघडताना मशीननं नाव विचारलं. जागा रिकामी ठेवली तर पुढं जाईना. हिनं आपलं टाकलं, नंतर बदलू म्हणून. काम सुरू झालं आणि बदलायचं राहून गेलं. तेव्हापासून मेल कोणीही पाठवो, खाली हिचं नाव आपोआप जायचं. लिहिणाऱ्याला ते दिसायचं नाही, फक्त ज्याला मेल गेला त्याला दिसायचं. गिऱ्हाइकं फोन करून म्हणायची, ताई तुमचा मेल मिळाला, आणि ही हो म्हणायची.

"पासवर्ड कोणाकोणाले मालूम आहे?" मी विचारलं.

"सगळ्यांना. भिंतीवर खडूनं लिहिलाय."

ठाणेदार साहेबांना हे पटलं नाही. धरलेला प्रत्येक माणूस बोट दुसऱ्याकडंच दाखवतो, असं ते म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. मेल कुठून निघाला याचा अहवाल वरून यायला महिने लागणार होते. शेठ रोज फोन करत होते. सूर्य मावळायच्या आत मुलीला घरी सोडणं भाग होतं. ती निघत होती तेव्हाच साहेबांनी मला बजावलं, उद्या संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही तर परवा सकाळी अटक.

पोरीनं ते ऐकलं. पायरीवर थांबून म्हणाली, "मी मागून सुटले तरी मले कामावर कोन ठेवन काका? माय आता किती दिवस पाटी उचलन?" ठाण्यात तोवर शुद्ध बोलत होती, तिथं घरचं बोलणं निघालं.

घरी आलो तर बायको अंगणात भांड्यांच्या ढिगात बसलेली. मोहल्ल्यात लग्न होऊन गेलं होतं आणि समाजाची भांडी घासायची पाळी तिची होती. आमच्याकडं मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. असे गंज लोक कोणाच्या तरी नावानं समाजाला देतात, आणि देणाऱ्याचं नाव त्यावर कोरलेलं असतं. मी जेवता जेवता तिला पोरीचं सांगितलं. म्हटलं, सगळं खरं असेल, पण नाव तर तिचंच आहे ना.

तिनं हातातला गंज माझ्याकडं फिरवला. "हे कोनाचं नाव आहे?"

नाव माझ्या आईचं होतं.

"मामीजीले जाऊन किती वर्सं झाली. मग परवाचं वरण काय त्याइनं शिजवलं?"

ती घासता घासता बोलतच राहिली. "गंज नावावाल्याचा, वरण शिजवनाऱ्याचं. खारट कोनं केलं ते पाह्यचं असन तं चुलीपाशी कोन होतं ते विचारा. गंजाले काऊन धरून राह्यले?"

सकाळी मी वर्ध्याला कंपनीत गेलोच नाही. सिंदीला जिनिंगच्या फाटकावर गेलो. मेल कोणी लिहिला हे सोडलं आणि शेठवर एवढा राग कोणाला आला असेल, हे विचारायला लागलो. शेठ हो-ना करत होते. शेवटी चौकीदारानं बाजूला घेऊन सांगितलं. त्या कंपनीचा मिस्त्री मशीन दुरुस्त करायला आला होता. शेठची काही वस्तू सापडेना. सगळ्या मजुरांसमोर मिस्त्रीची पिशवी रिकामी करून घेतली आणि त्याला चोर म्हटलं. वस्तू नंतर शेठच्याच गाडीत निघाली. मिस्त्रीला कोणी काही म्हटलं नाही.

मिस्त्री पवनारला सापडला. तीन दिवस तिकडंच बागायतदारांच्या मोटारी दुरुस्त करत होता, ऑफिसात काय चाललं याचा त्याला पत्ता नव्हता. ठाण्यात आणून बसवला, चहा दिला. माझा अनुभव असा की ज्याच्या मनात काही असतं तो चहा गरम असतानाच संपवतो. यानं दोन घोटांत संपवला. पण म्हणाला, मी शेठला ओळखतो, बाकी काही मालूम नाही. मी हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. कागद काढून समोर ठेवला.

तो वरून खाली वाचत गेला. खालच्या ओळीवर थांबला.

"ताईचं नाव काऊन आलं इथं? म्या तं कोनाचंच नाव टाकलं नोतं."

आपण काय बोललो ते त्याला कळायला थोडा वेळ गेला. मग मान खाली घालून सांगितलं, अपमान झाला त्याच दिवशी संध्याकाळी वर्ध्याच्या सायबर कॅफेत बसून लिहिला. "वाटलं, सगळ्याइचं खातं, म्हनजे कोनाचंच नाई." ताईला ठाण्यात आणलं होतं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. "लिहा साहेब माझं नाव. लवकर लिहा."

त्याच्यावर कारवाई झाली, ती व्हायचीच होती. धमकी ती धमकी. कोर्टात त्यानं एक शब्द फिरवला नाही. चौकीदाराचा जबाब वाचल्यावर शेठही नरमले. आणि मुलीनं पुढल्याच आठवड्यात त्या खात्यातलं स्वतःचं नाव काढून कंपनीचं टाकलं, असं मालकानं मला सांगितलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते सांगतो. लिहिलेलं नाव दिसलं की आपण थांबतो, पुढं पाहत नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या हातानं नुसत्या नावावर कोणी आत गेलं नाही. याचं श्रेय माझं नाही. निम्मं त्या मिस्त्रीचं, तोंडातून शब्द निसटल्यावर फिरवाफिरव करणारे मी पुष्कळ पाहिले, यानं केली नाही. निम्मं बायकोचं. तिला ईमेल काय असतो ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्या एका बोलण्याचे उपकार मी तिला कधी तोंडानं सांगितले नाहीत, आमच्यात तशी रीत नव्हती. आता लिहून सांगतो.

मिस्त्रीचा जबाब झाला त्या संध्याकाळी साहेबांनी पोरीला फोनवर कळवा म्हणून सांगितलं. मी घरी हे बोललो तर बायको म्हणाली, "फोन तिले ऐकू येईन. गल्लीले कसा येईन?"

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्दी घातली, बायकोला स्कूटरवर मागं बसवलं आणि बोरगावला गेलो. जीप थांबली होती तिथंच स्कूटर लावली. पुन्हा खिडक्या उघडल्या. मी घरात गेलो नाही. खुर्च्या बाहेर मागवल्या, चहा मागितला आणि बायकोला पोरीच्या आईशेजारी बसवलं. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, काय झालं जमादार? मी सगळ्या गल्लीला जाईल अशा आवाजात सांगितलं, "काई नाई. काम दुसऱ्याचं होतं, तो सापडला. पोरगी साफ आहे."

पोरगी डबा घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, उशीर करू नको, कामावर जा. ती गल्लीच्या मधोमध चालत बसकडं निघाली. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं जागचे उठलो नाही.